भिंतीची पारख

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि भोवतालचा मुलूख हादरला आणि आठ ते दहा हजार माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. त्या भूकंपाचा विषय निघाला की जैन समाजात भारतीय जैन संघटनेची आठवण हमखास निघते. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले पुण्याला आणली गेली व तेथे त्यांचे शिक्षण झाले, ही हकीकत अनेक घरांत अभिमानाने सांगितली जाते. त्याच मुलखातील स्त्रियांनी पुढील काही वर्षांत घरबांधणीचे जे ज्ञान मिळवले, त्याची हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानी आली नाही.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीची दगडी भिंत आणि वर माळवद. अशी भिंत बाहेरून अभेद्य वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात, एक आतली व एक बाहेरची, आणि मधल्या पोकळीत माती व दगडांचा चुरा. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नसतो. माळवदावर दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. गळती थांबते, उन्हाळ्यात घर गार राहते आणि डोक्यावरचा भार वाढत जातो. जमीन हलली तेव्हा भिंतीची दोन्ही अंगे फाकली आणि ती माती झोपलेल्या माणसांवर कोसळली.

बावन्न गावे नव्या जागी संपूर्ण वसवली गेली. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकली. परंतु दीड लाखांहून अधिक घरे अशी होती की ती जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करायची होती, आणि ते काम घरमालकांनीच शासकीय मदतीतून करून घ्यायचे होते. भिंतीला ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीटचे आरपार बंध घालणे, माळवदावरची जादा माती उतरवणे, खांब आणि तुळया यांच्या सांध्यांना तिरके आधार देणे, भिंतीभोवती काँक्रीटची पट्टी फिरवणे, ही कामे अभियंत्याला नवी नव्हती. गावच्या गवंड्याला नवी होती. अनेकांना तर ती खुळचटच वाटली. पिढ्यानपिढ्या अंगावर घेतलेल्या भिंतीला भोके पाडून ती मजबूत कशी होणार?

येथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने एक साधी गोष्ट हेरली. घर दिवसभर कोणाच्या नजरेसमोर असते? सारवण, लिंपण, भेगा बुजवणे हे कोण करते? शासनाने लोकसहभागाचे काम या संस्थेकडे सोपवले आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्यांनी घरोघरी जाऊन मदतीचे नियम समजावले, बंध कोठे व किती अंतरावर घालायचे हे दाखवले, गवंड्याने चुकवलेले काम त्याला पुन्हा करायला लावले. ज्या बायका गावाच्या चावडीसमोरून पदर सावरून खाली मान घालून जात, त्या अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या यांतील काही स्त्रिया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण पडक्या घरासमोर उभे राहून काय शिकावे व काय विचारावे, हे त्या कच्छी भगिनींना सांगू शकल्या.

भिंत पारखण्याची ही दृष्टी स्त्रीला येऊ शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर प्रश्न उरतो तो तालुक्याच्या गावी रोज दिसणाऱ्या चित्राचा. जवळजवळ प्रत्येक बांधकामावर बाई आहे, आणि ती घमेल्यापाशीच आहे. तिच्याबरोबर खेड्यातून आलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पाच वर्षांनी थापी हाती घेतो. वीस वर्षांनीही तिच्या डोक्यावर तीच चुंबळ असते.

याचे कारण अंगबळ नाही. दिवसभर वाळू, विटा आणि माल पहिल्या मजल्यावर चढवणे हे गिलावा करण्यापेक्षा हलके काम म्हणता येणार नाही. कारण आहे शिकण्याच्या रीतीत. गवंडीकाम शाळेत शिकवले जात नाही, ते हाताखाली शिकले जाते. पोरगा गवंड्याजवळ उभा असतो. ओळंबा धरतो, दोरी ताणतो, दुपारच्या सुट्टीत थापी उचलून एखादा सांधा भरून पाहतो. गवंडी रागावतो, मग दाखवतो. बाई मात्र मालाचा ढीग आणि भिंत यांच्यामध्ये फेऱ्या घालत असते, आणि सुट्टीत तिला लेकराला पाजायचे असते. समान कामास समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला. पण तिला समान काम दिलेच नाही तर तो कायदा तिच्यापर्यंत पोहोचणार कसा?

झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालये बांधायला गवंडी अपुरे पडले, तेव्हा बचत गटांतील स्त्रियांना हे काम शिकवले गेले. राजमिस्त्री हा शब्द तिकडे रूढ होताच. त्यांना लोक ‘रानी मिस्त्री’ म्हणू लागले. गरज पडली आणि दार उघडले, असेच ते घडले. ग्रामीण घरकुल योजनेतही ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण प्रत्यक्ष घरकुल बांधतच दिले जाते आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळते. त्यात स्त्रियांना प्रवेश आहे. अडचण पुढे येते. प्रमाणपत्र घेऊन ती ठेकेदारासमोर उभी राहते, आणि ठेकेदार म्हणतो, मालकाला चालणार नाही.

हा मालक बहुधा व्यापारी असतो. दुकानावर मजला चढवणारा, गोदाम बांधणारा, धर्मशाळेचा जीर्णोद्धार करणारा. कित्येक घरांत तर सिमेंट, लोखंड आणि फरशीचाच धंदा आहे, आणि कोणता ठेकेदार कसा हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मालकाने ठेका देतानाच सांगितले की आतल्या खोल्यांचा गिलावा आणि फरशीचे काम शिकलेल्या बाईकडून होऊ द्या, तर ठेकेदाराची सबब संपते. काम बिघडण्याची भीती असेल तर सुरुवात माळ्यापासून किंवा मागच्या खोलीपासून करता येते. नवशिक्या पोराच्या हातूनही गवंडी आधी तीच करून घेतो.

लेकराचा प्रश्न याहून जिव्हारी लागणारा आहे. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर पाळणाघर बंधनकारक केले. तालुक्याच्या गावी एका बांधकामावर असतात चार-पाच बाया. तेथे कायदा लागू होत नाही, आणि मूल वाळूच्या ढिगावर झोपते. एक सावलीची खोली, पिण्याचे पाणी आणि मुलांवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या वृद्धेची हजेरी, एवढ्याचा खर्च एकूण बांधकामात शोधूनही सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने आपल्या वहीत पाहावी. अशा बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. साठ लाखांच्या गोदामावर साठ हजार रुपये. तो पैसा जमतो मजुरांच्याच नावाने: मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यांसाठी. पण मंडळाकडे नोंदणी व्हायची तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. वर्षभरात दहा ठिकाणी घमेले वाहिलेल्या बाईला तो देणार कोण? ठेकेदार टाळतो, मुकादमाला लिहिता येत नाही, तिच्या हजेरीची नोंद नवऱ्याच्या नावापुढे झालेली असते. म्हणून ज्याने उपकर भरला त्याच्याच भिंतीला माल पोहोचवणारी बाई त्या उपकराच्या बाहेर राहते. बांधकाम सुरू होते त्या दिवसापासून एक साधी हजेरीवही, प्रत्येक बाईचे नाव स्वतंत्र ओळीत, आणि काम संपताना ठेकेदाराची त्यावर सही. ती सही घेतल्याशिवाय त्याचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.