लायपोप्रोटीन-ए : एकदाच तपासा, पण तपासाच



२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की रक्ततपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती सुरू होतात. या पॅकेजांत दरवर्षी तपासायची गरज नसलेले पुष्कळ काही दरवर्षी तपासले जाते आणि आयुष्यात एकदा तरी तपासायलाच हवे ते लायपोप्रोटीन-ए बहुधा राहून जाते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड हे आकडे येतात. लायपोप्रोटीन-ए वेगळे लिहून द्यावे लागते, आणि ते फारसे कुणी लिहून देत नाही.

नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला चरबीवाहक कण शोधला. एलडीएलसारख्याच कणाला आणखी एक लांबलचक प्रथिन जोडलेले असते आणि ते कडबोळ्यासारख्या वेटोळ्यांचे बनलेले असते. (या वेटोळ्यांचे ‘क्रिंगल’ हे नावही स्कँडिनेव्हियातल्या अशाच एका पिळाच्या खाद्यपदार्थावरून पडले आहे.) साखळीत वेटोळी किती, हे आईवडिलांकडून आलेले जनुक ठरवते. वेटोळी कमी असली की यकृतातून हे कण सहसा जास्त संख्येने रक्तात येतात. म्हणून ही पातळी बालपणीच ठरते आणि पुढे जवळपास तीच राहते. तेल-तूप कमी करून किंवा रोज चालून ती फारशी हलत नाही, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांनीही उतरत नाही. एकदा तपासले की सहसा पुरते, ते यामुळेच.

‘रक्तातले असे नवे नवे दर्शक येतात आणि जातात, त्यात याचे काय कौतुक?’ असा आक्षेप कुणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. होमोसिस्टिन हे रक्तातले अमिनो आम्ल वाढलेल्यांना हृदयविकाराचे झटके जास्त येतात असे दिसल्यावर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी जीवनसत्त्वे देऊन ते खाली आणले गेले. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा होमोसिस्टिन उतरले होते, झटके मात्र कमी झाले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने दहा दर्शक एकत्र तपासून पाहिले. वय, रक्तदाब, धूम्रपान यांवरून जो अंदाज बांधता येतो, त्यात या दहांनी जुजबीच भर घातली. सोबत दिसणारी गोष्ट आणि कारण असणारी गोष्ट यांत फरक असतो, आणि तो ओळखायला जनुकांची मदत होते. सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन वाढवणारी जनुके घेऊन जन्मलेल्यांना हृदयरोग जास्त होत नाही. लायपोप्रोटीन-ए वाढवणारी जनुके घेऊन जन्मलेल्यांना मात्र तो जास्त होतो. जनुकांचे हे वाटप गर्भातच होऊन जाते, त्यामुळे हा खाण्यापिण्याचा किंवा सवयींचा परिणाम असावा, ही शंका बरीचशी मिटते. शिवाय २०२४ मध्ये सुमारे २८ हजार अमेरिकन महिलांचा ३० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सुरुवातीला एकदाच घेतलेल्या रक्तातल्या एलडीएल, सीआरपी आणि लायपोप्रोटीन-ए या तीन आकड्यांवरून पुढच्या तीन दशकांतला धोका ओळखता आला.

आपल्यासाठी हे अधिक निकडीचे आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र तो ५९च्या आसपास. याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात लायपोप्रोटीन-ए प्रति डेसिलिटर ५० मिलिग्रॅमच्या वर असलेल्या दक्षिण आशियाई लोकांत झटक्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सुमारे २५ टक्के भारतीयांची पातळी याच मर्यादेच्या वर असल्याचे म्हटले आणि प्रत्येकाने निदान एकदा ही चाचणी करावी, अशी शिफारस केली. म्हणजे मी वेगळे काही मागत नाही, डॉक्टरांच्याच संस्थेने सांगितलेले अमलात यावे एवढेच म्हणतो.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जे औषधाने सहज उतरत नाही ते कळून उपयोग काय? लायपोप्रोटीन-ए उतरवण्यासाठीच बनवलेल्या औषधांच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत, पण उपयोग त्यांच्यावर अडलेला नाही. एखाद्याचे एलडीएल १२५ आहे, बीपी किंचित जास्त आहे, तेव्हा ‘सहा महिन्यांनी पाहू’ असे म्हटले जाते. याच माणसाचे लायपोप्रोटीन-ए ११० मिलिग्रॅम निघाले तर तो निर्णय बदलायला हवा : एलडीएल लवकर आणि जास्त खाली आणायचे, रक्तदाब सैल सोडायचा नाही, तंबाखू त्याच दिवशी बंद. लोक घाबरतील, असेही म्हटले जाते. पण ५३व्या वर्षी अचानक येणाऱ्या झटक्यापेक्षा ३०व्या वर्षी कळलेला आकडा बरा. उलटी चूकही होऊ नये. हा आकडा चांगला आला म्हणून मधुमेह आणि तंबाखू यांचा धोका तसूभरही कमी होत नाही. आणि खर्चाचे म्हणाल तर दरवर्षीच्या पॅकेजमधल्या दोन-चार अनावश्यक चाचण्या वगळल्या तरी एकदाच करायच्या या तपासणीची सोय होईल.

सुरुवात कुठून करायची तेही स्पष्ट आहे. पन्नाशीच्या आत झटका आलेला रुग्ण घरी जाताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, पथ्य असते, पुढच्या तपासणीची तारीख असते. त्याच कार्डावर त्याचे लायपोप्रोटीन-ए किती हे एककासह लिहावे, कारण काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात तर काही नॅनोमोलमध्ये, आणि दोन्ही आकड्यांची गल्लत होते. ते जास्त असेल तर खाली आणखी एक ओळ हवी : सख्ख्या भावंडांची आणि मुलांची ही तपासणी करून घ्या.

– एक वाचक, पुणे