गुडघे झिजतात म्हणे!

"पळणं बंद कर, म्हातारपणी गुडघे धरून बसशील." गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मला आई, मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि पहिल्या मजल्यावरही लिफ्टने जाणारा आमचा मॅनेजर, अशा सगळ्यांनी ऐकवलंय.

झालं असं, की मुंबई मॅरेथॉनच्या हाफसाठी नाव नोंदवलं आणि उत्साहाच्या भरात आठवड्याच्या १५ किलोमीटरवरून तीन आठवड्यांत थेट ३२ वर गेलो. वर रविवारी वेताळ टेकडी! चौथ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीमागे ठणका लागला. जिना उतरताना आणि तासभर खुर्चीत बसून उठताना तर विचारू नका. डॉक्टर म्हणाले, पळणं सोडा. दुकानदार म्हणाला, बूट बदला. मी दोघांचंही ऐकलं. तीन आठवडे आराम केला, नऊ हजारांचे बूट घेतले, पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर पळालो आणि पुन्हा तेच.

मग जरा वाचायला घेतलं. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के निघाली. (आता ज्यांचे गुडघे मुळातच दुखतात ते पळायला जात नाहीत, हेही आहेच. पण पळून गुडघे झिजतात हा सरसकट दावा काही टिकत नाही.)

त्याहून मला आवडला तो २०१८ मधला कॅनडातला प्रयोग. वाटीभोवती दुखणारे ६९ धावपटू, तीन गट, आठ आठवडे. एका गटाला फक्त पळण्याचा भार कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला सोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला सोबत पळण्याची ढब बदलायला लावली. तिन्ही गट सारखेच सुधारले! म्हणजे खरं औषध होतं तो हिशोब. लोड वाढून सर्व्हर पडला तर आपण सर्व्हर भंगारात देतो का? मग गुडघ्याच्या बाबतीतच 'बंद कर' हे एकच उत्तर का?

त्यांचा नियम साधा आहे. पळताना दुखणं दहापैकी दोनच्या वर जाता कामा नये, आणि थांबल्यावर तासाभरात पूर्वीइतकं व्हायला हवं. नाही झालं, तर पुढच्या वेळी कमी पळायचं. मी आता थोडं थोडं पण जास्त दिवस पळतो, आणि टेकडीचा उतार चालत उतरतो. पावलं आखूड करून मिनिटाला १५८ वरून १६८ वर आणलीत, त्यानं गुडघ्यावरचा भार कमी होतो. शिवाय आजोबांच्या वेळच्या बैठका. कंटाळवाण्या आहेत, पण मांड्या आणि खुबे बळकट झाले तर पुढचा भार झेपेल ना!

अर्थात गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा द्यायला लागला, तर हे सगळं विसरून सरळ डॉक्टरकडे.

सध्या आठवड्याला १८ किलोमीटरवर आहे. जानेवारीतली हाफ बहुतेक हुकणार. चरफडतोय, पण ठीक आहे. गंमत म्हणजे, आयुष्यात बसमागेही न धावलेल्या आईचे गुडघे माझ्याआधीपासून दुखतायत. काल तिला म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर खाली चक्कर मारायला ये.

"बघू," म्हणाली.