माजी विश्वस्ताचा कोर्टखर्च कोणाच्या खिशातून?

लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांच्या खोल्या आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा चाकरमान्यांनी वर्गणी काढून त्या घेतल्या. १९८२ च्या संपानंतर मंडळी पांगली, खोली मात्र गावाच्या मंडळाकडे राहिली. आता चाळींचा पुनर्विकास निघाला, आणि जिच्याकडे कोणी बघत नव्हते त्या खोलीवरून भाऊबंदकी सुरू झाली.

मग होते काय? भाडेपावती वाचवायला जुना विश्वस्त धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात खेटे घालतो, वकिलाची फी पदरची भरतो. तेवढ्यात वार्षिक सभेत कारभारी बदलतात. नवे म्हणतात, ‘‘तुम्ही आता माजी. कसले पैसे?’’

कायदा असे म्हणत नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, न्यासाच्या कामासाठी किंवा त्याची मिळकत राखण्यासाठी केलेला योग्य खर्च विश्वस्ताला न्यासाच्या पैशातून घेता येतो. पदरचे घातले असतील तर मिळकतीवर त्याचा पहिला बोजा. हा कायदा मुळात खासगी न्यासांचा. नोंदलेली सार्वजनिक मंडळे १९५० च्या कायद्याखाली, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतात. पण कलम ३२ मागचे तत्त्व तिथेही धरले जाते. खर्च पदावर असताना आणि मंडळासाठी झाला असेल, तर खुर्ची गेली म्हणून हक्क जात नाही.

म्हणून वाटेल ते बिल मंडळाच्या माथी मारता येते असे नाही. ‘योग्य’ या शब्दातच सगळे आले. खोलीसाठी लढलात, तो खर्च मंडळाचा. आपली खुर्ची टिकवायला किंवा आपण केलेली गफलत झाकायला वकील लावलात, तर त्याची फी तुमची. मेहनतान्याचे तर बोलूच नये. कलम ५० म्हणते, न्यासपत्रात तरतूद किंवा आधीचा करार नसेल, तर विश्वस्ताला वेळेचा आणि श्रमाचा मोबदला मागता येत नाही. ‘वीस वर्षे झिजलो’ म्हणून पैसे मिळत नाहीत.

तंटा टाळायचा तर खर्चाआधी सभेचा ठराव करावा. वकिलाच्या पावत्या जपाव्या, आणि देणे हिशेबात त्याच वर्षी दाखवावे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत वरळीच्या कचेरीत बदल अर्ज द्यावा. माजी विश्वस्तानेही लेखी मागणी वेळेत करावी. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते.

मंडळाचा पैसा गावाचा आहे, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी घरटी जमवलेला. तो उधळणाऱ्याला सोडू नये. पण गावासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला कर्जात लोटले, तर उद्या गावची खोली राखायला पुढे येणार कोण?