पाथेय आणि पथ्य

संस्कृतांत ‘पथिन्’ म्हणजे मार्ग. याच एका शब्दापासून ‘पाथेय’ आणि ‘पथ्य’ असे दोन शब्द सिद्ध झाले आहेत. पाथेय म्हणजे वाटेची शिदोरी, आणि पथ्य म्हणजे जें मार्गास सोडून नाहीं, अर्थात् हितकर, तें. प्रवासास निघणारा मनुष्य पहिल्याची चिंता फार वाहतो, दुसऱ्याची क्वचित्. लहान मुलें बरोबर घेऊन समुद्राकाठीं चार दिवस राहावयास जाणाऱ्या कुटुंबास मात्र या दोहोंचा विचार घराबाहेर पडण्यापूर्वींच केला पाहिजे. उन्हाळ्याची सुटी जवळ येत असल्यामुळें तोच विषय आम्ही या वेळीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

उदाहरणादाखल आपण गुहागर घेऊं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें कुलदैवत तेथील व्याडेश्वर. कोंकण रेल्वे १९९८ सालीं संपूर्ण सुरू झाल्यापासून चिपळूणपर्यंतचा प्रवास सुकर झाला आहे. कऱ्हाडकडून येणारी मंडळी कुंभार्ली घाट उतरून येतात. वडील माणसांस देवदर्शनाची ओढ असते; मुलांचें सारें चित्त मात्र सुरूच्या बनापलीकडे वाजणाऱ्या लाटांकडे लागलेलें असतें. तेव्हां शिदोरी बांधावयाची ती समुद्राचा विचार करून बांधावी हें बरें.

सामानाचा पहिला नियम वजनाचा. ज्याच्या दोन्ही हातांत ओझें आहे, तो मुलाचा हात धरणार कसा? म्हणून सामानाचे दोन भाग करावे. मोठी पेटी बिऱ्हाडीं राहावी, आणि वाळूवर नेण्यास एकच कापडी पिशवी असावी. ती खांद्याला अडकवून दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. तींत पाणी, थोडें खाणें, कोरडे कपडे, एक जुनें धोतर किंवा पंचा, टोप्या आणि एक शिट्टी, एवढें पुरे. शिट्टी कशासाठीं, तें पुढें येईल.

आतां उन्हाचें पाहूं. गुहागर हें सुमारें साडेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. १० मेच्या सुमारास तेथें मध्यान्हीं सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. घड्याळांत त्या वेळीं साडेबारा वाजून गेलेले असतात. म्हणजे आपण सुटीस जातों ते दिवस नेमके अतिनील किरणांच्या कमाल तीव्रतेचे. समुद्रावरील वाऱ्यामुळें अंग गार लागतें, परंतु कातडी भाजत असते, आणि मूल तें रात्रीं अंथरुणावर पडल्यावर रडून सांगतें. यास्तव मुलांस पूर्ण बाह्यांचे सैल सदरे असावे, आणि मान व कान झांकतील अशा रुंद कांठाच्या टोप्या असाव्या. पातळ सुती कापड भिजलें म्हणजे त्यांतून ऊन अधिक आंत शिरतें, हें ध्यानांत ठेवावें. उघड्या राहणाऱ्या अंगास ऊन अडविणारा लेप लावावा, तो एस्. पी. एफ्. ३० किंवा त्याहून अधिक असावा, आणि दर दोन तासांनीं व पाण्यांतून बाहेर आल्यावर पुन्हां लावावा. सहा महिन्यांच्या आंतील बालकास असा लेप लावण्यापेक्षां सावलींतच ठेवावें. हें झालें पाथेय. पथ्य असें कीं, सकाळीं दहापासून सायंकाळीं चारपर्यंत मुलांस वाळूवर नेऊंच नये. त्या वेळीं जेवण, झोंप आणि आजीच्या गोष्टी यांची सोय करावी.

डुंबण्याच्या कपड्यांचा रंगही विचार करण्यासारखा आहे. निळे, पांढरे, करडे कपडे दुकानांत सुंदर दिसतात. पण पाण्यांत ते पाण्यासारखे व फेसासारखेच होऊन जातात. केशरी किंवा झगझगीत गुलाबी रंग घ्यावा. तो अभिरुचीस खटकला तरी चालेल. तो दुरून दिसतो, आणि येथें दिसण्यालाच किंमत आहे. पायांत मागें पट्टा असलेल्या चपला असाव्या. तापलेली वाळू आणि फुटके शिंपले या दोहोंपासून त्या पाय वांचवितात.

खाण्याच्या बाबतींत आमच्या भगिनींस आम्हीं सांगावें असें कांहीं नाहीं. दुधांतल्या दशम्या, मेतकूट, गूळ-दाण्याचे लाडू हें पोटास ओळखीचें अन्न पहिले दोन दिवस असलें म्हणजे परगांवचें पाणी मुलांस फारसें बाधत नाहीं. तथापि बाधलेंच तर काय, याची तयारी पेटींत असावी. १९७१ सालीं पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ आली असतां शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर यांचें पाणी पिंपांत कालवून रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली, आणि असंख्य प्राण वांचले. तीच जलसंजीवनी आज पुडींत मिळते. पुडी आणतांना बरोबर मापाची बाटलीही आणावी. कारण पुडीवर जितकें पाणी सांगितलें असेल तितक्यांतच ती सगळी विरघळविली पाहिजे. अर्ध्या पेल्यांत अंदाजानें टाकलेली पुडी मुलास अपाय करिते. पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा घालून तें घोट घोट पाजावें. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले किंवा सहा तास लघवी झाली नाहीं, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां डॉक्टरांकडे न्यावें. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणें निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी.

पेटींत एक वस्तु आमच्या आग्रहाखातर ठेवावी, ती म्हणजे पंचांग. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारांची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारें तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. दोन्ही पक्षांस हाच हिशेब. एका भरतीनंतर सुमारें साडेबारा तासांनीं दुसरी भरती येते, आणि दोहोंच्या मध्यें ओहोटी. हा अंदाज आहे, त्यांत तासाभराचा फरक पडूं शकतो. म्हणून किनाऱ्यावरील कोळीबांधवांस विचारून तो पक्का करावा. मुलांकडूनच हें गणित करवून घ्यावें. पाढे कशासाठीं पाठ करावयाचे, हें त्या दिवशीं त्यांस कळेल.

पाण्याचें दुसरें एक लक्षण प्रत्येक वडील माणसास ठाऊक असलें पाहिजे. लाटा सर्वत्र फुटत असतां मध्येंच एखादा अरुंद पट्टा शांत दिसतो. अनभिज्ञ मनुष्य मुलांस तेथेंच नेतो. परंतु किनाऱ्यावर आलेलें पाणी बहुधा त्याच वाटेनें वेगानें समुद्रांत परत जात असतें. त्या ओढींत सांपडल्यास सरळ किनाऱ्याकडे येण्याची धडपड करूं नये, माणूस दमतो. किनाऱ्यास समांतर असें बाजूला सरकावें, आणि ओढ संपल्यावर बाहेर यावें. हवा भरलेलीं रबरी चक्रें हीं खेळणीं होत. वारा जमिनीकडून वाहूं लागला कीं तीं मुलासकट आंत जातात.

आतां शिट्टीची गोष्ट. गेल्या वर्षीं त्याच किनाऱ्यावर एक मोठें कुटुंब आलेलें आम्हीं पाहिलें. सतरंजीवर सात वडील माणसें, सामानाची कांहीं वाण नव्हती. तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा बादली घेऊन ओल्या वाळूकडे चालूं लागला, आणि पाहतां पाहतां पाणी त्याच्या मांड्यांस लागलें. शहाळीं विकणाऱ्या एका बाईनें धांवत जाऊन त्यास उचलून आणिलें. “अगोबाई, मला वाटलं, हा भावजींजवळ आहे,” असें आई म्हणाली. “मला वाटलं, वहिनी, तुमच्याजवळच आहे,” असें काका म्हणाले. दोघेंही खोटें बोलत नव्हतीं. सातजणांचें लक्ष आहे असें जेथें प्रत्येकास वाटतें, तेथें कोणाचेंच नसतें.

बुडणारें मूल ओरडतें ही समजूत चुकीची आहे. तोंड पाण्याखालीं जात असतां श्वास घेणेंच कठीण, तेथें हांक कोठून मारणार? गुडघाभर पाण्यांतही पांच वर्षांखालील मुलास धोका आहे, आणि तो एक-दोन मिनिटांत गुदरतो. म्हणून पथ्य असें कीं, पहारा नांवानें नेमावा. अर्धा तास एकानेंच पाहावें. शिट्टी त्याच्या गळ्यांत असावी. भ्रमणध्वनि, छायाचित्रें, गप्पा त्यास वर्ज्य. आणि लहान मूल पाण्यांत असेल तर तो हाताच्या अंतरावर असावा. वेळ संपली कीं “आतां तुम्ही पाहा हं, आत्या,” असें मोठ्यानें सांगून व शिट्टी दुसऱ्याच्या हातीं देऊनच त्यानें उठावें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील कर्त्या पुरुषांस सांगावयाची आहे. पेटी भरण्याचें काम आपल्या घरांतून बहुधा गृहिणीच करितात, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं दशम्या भाजून त्या थकलेल्या असतात. वाळूवर पोहोंचल्यावर पहिला पहारा पुरुषांनीं घ्यावा आणि त्यांस अर्धा तास समुद्र पाहूं द्यावा. टोपी, चपला किंवा लेप घरीं राहिला, तर तो गुहागरच्या बाजारांत विकत मिळेल. पहाऱ्याच्या पाळ्या मात्र गाडींत बसल्या बसल्याच ठरवून टाकाव्या.