उंदरांवर किती काळ विसंबणार?

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीने बाळगली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी रेबीजची ती लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. पेशींवर वाढवलेल्या विषाणूची लस आली, पण तिचा कस पाहण्याची रूढ रीत जुनीच राहिली. लस निरनिराळ्या प्रमाणात पातळ करून उंदरांना आठवड्याच्या अंतराने दोनदा टोचायची, चौदाव्या दिवशी थेट मेंदूत जिवंत विषाणू सोडायचा आणि पुढचे चौदा दिवस कोण लुळा पडतो, कोण तगतो, ते मोजत बसायचे.

क्रौर्याचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. चाचणी म्हणूनही ही पद्धत लंगडी आहे. एकाच बॅचचे आकडे दोन प्रयोगशाळांत जुळतीलच असे नाही. मग पुन्हा उंदीर, पुन्हा महिना. तोवर लस शीतगृहात पडून. वास्तविक संरक्षण मिळते ते विषाणूवरच्या ग्लायकोप्रोटीनमुळे. ते शाबूत स्वरूपात किती आहे, हे एलायझा चाचणी थेट मोजते आणि महिनाभर थांबवत नाही.

सशांचीही तीच कथा. खोक्यात जखडलेल्या सशाच्या कानाच्या शिरेत औषध टोचून त्याला ताप येतो का, हे पाहिले जाई. मानवी रक्तपेशींवरची पर्यायी चाचणी युरोपीय औषधकोशात 2010 मध्येच आली. तिथे सशांची सुटका झाली जुलै 2025 मध्ये!

ही दिरंगाई विज्ञानाची नव्हे, सहीची आहे. जुनी चाचणी रद्द करून उद्या काही बिघडले तर जबाबदार कोण, ही भीती. ती अगदीच निराधार नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला प्लेगची लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले आणि परळच्या प्रयोगशाळेत ती बनवणाऱ्या हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे निष्पन्न झाले ते असे की, बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता. परळमध्ये कितीही प्राणी मारले असते, तरी तो चिमटा सापडला नसता.

पुण्यात बनणाऱ्या लसी शंभराहून अधिक देशांत जातात. त्यातल्या एकाने जरी जुना दाखला मागितला, तरी उंदीर मरणारच. म्हणून औषध नियंत्रकांनी लसउत्पादक आणि कसौलीची केंद्रीय प्रयोगशाळा यांना ठरावीक मुदतीत उंदरांवरची आणि एलायझा अशा दोन्ही चाचण्या शेजारी-शेजारी करायला लावाव्यात, आकडे जाहीर करावेत आणि आयातदार देशांपुढे ठेवावेत.