घरची गोष्ट : मायनस साडेचार, मायनस आठ



गेल्या अंकात आम्ही इथल्या उन्हात पापड वाळवण्याचे प्रयोग सांगितले होते. त्यावर बऱ्याच घरांतून फोन आले आणि बहुतेकांनी आपापले अपयश मोकळ्या मनाने कबूल केले. यावेळचा विषयही कोरडाच आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विषय आहे डोळे.

आमच्या घरात माणसे दोन आणि चष्म्याचे नंबरही दोन. एक मायनस साडेचार, दुसरा मायनस आठ. कोणाचा कोणता हे ओळखीच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी गणपतीच्या कार्यक्रमात काचांची जाडी पाहून ठरवावे. या लेखापुरते आम्ही एकमेकांना साडेचार आणि आठ असेच म्हणणार आहोत.

२०२० च्या टाळेबंदीत साडेचारांचे ऑफिस जेवणाच्या टेबलावर आले आणि तिथेच राहिले. तेव्हापासून दुपारचे चार वाजले की कपाळावर घट्ट फडके बांधल्यासारखे डोके धरायचे, डोळे चुरचुरायचे आणि संध्याकाळी मान वर करून पाहिले तर भिंतीवरचे घड्याळ पुसट दिसायचे. आम्ही सरळ हिशेब केला की नंबर वाढला. एके दिवशी काम संपवून, थकल्या डोळ्यांनीच, एका दुकानात जाऊन तपासून घेतले. मायनस पाच निघाला. नवा चष्मा आला, समोरून येणाऱ्या बसचा नंबर लख्ख दिसू लागला आणि चारची डोकेदुखी बाराला सुरू होऊ लागली.

सहा महिने अमृतांजनवर काढल्यावर दुसऱ्या ऑप्टिशियनबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमची स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असते? साडेचार म्हणाले, समोरच असते. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मोजून आणा, पुढच्या शनिवारी सकाळी या, आदल्या दिवसाचे काम डोळ्यांत घेऊन येऊ नका. घरी येऊन शिवणाच्या डब्यातला टेप काढला. ६२ सेंटिमीटर.

आता हे मोजमाप कशासाठी, ते सांगतो. आपण लहानपणापासून ज्याला चष्म्याचा नंबर म्हणतो तो लांबचा नंबर. फळा, बसची पाटी, नाटकाचा रंगमंच दिसावा म्हणून दिलेला. तो चष्मा घालून जवळ पाहायचे तर डोळ्यातले भिंग स्नायूच्या जोरावर फुगवावे लागते. ६२ सेंटिमीटरवरच्या स्क्रीनसाठी सुमारे १.६ नंबराएवढे काम डोळा करतो, आणि आपण ते त्याच्याकडून दिवसाचे आठ तास करून घेतो. विशीत हे कळतही नाही. पंचेचाळिशीत ही ताकद विशीच्या निम्म्याहूनही कमी उरलेली असते. आपल्याकडे याला चाळिशी लागणे असा अगदी नेमका शब्द आहे, पण मायनसवाल्यांना वाटते की आपल्याला चाळिशी लागत नाही, कारण चष्मा काढला की बारीक अक्षर छान वाचता येते. येते खरे, पण किती अंतरावर? शंभराला नंबराने भागा. साडेचार नंबरला २२ सेंटिमीटर, आठला साडेबारा. दोन नंबरवाले भाग्यवान, त्यांना चष्म्याविना ५० पर्यंत स्पष्ट दिसते. आमच्यासारख्यांनी चष्मा काढून कॉम्प्युटर पाहायचा म्हणजे नाक कीबोर्डवर टेकवायचे.

दुकानात अर्धा नंबर वाढवून मिळाला, म्हणजे त्या दमलेल्या स्नायूवर आणखी अर्ध्या नंबराचे ओझे चढले. संध्याकाळी घड्याळ पुसट दिसायचे तेही याच कारणाने. दिवसभर जवळ पाहून आखडलेला स्नायू लगेच सैल होत नाही, आणि तशा अवस्थेत तपासले तर मायनस थोडा जास्त निघू शकतो. आम्ही आजार दाखवायला गेलो आणि आजारच वाढवून घेतला.

ऑप्टिशियनबाईंनी लांबचा नंबर पुन्हा साडेचारच काढला आणि कॉम्प्युटरसाठी निराळा चष्मा लिहून दिला, मायनस साडेतीनचा. थोडे काम डोळ्याने करायचे, थोडे काचेने. हा चष्मा घातला की स्क्रीन शांत दिसते आणि खोलीचे दार किंचित धूसर. तो घालून गाडी मात्र चालवायची नाही. इथल्या कायद्याने २० मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लांबचे आणि जवळचे एकाच काचेत असलेला चष्मा पुष्कळांकडे असतो, तो बाहेर हिंडायला उत्तम. पण त्यात स्क्रीनच्या अंतराची पट्टी मध्यभागी अरुंद असते आणि ती सापडावी म्हणून माणूस हनुवटी वर करून बसतो. मग आपण मानेसाठी फिजिओथेरपिस्ट शोधू लागतो.

त्याच शनिवारची दुसरी गोष्ट आम्ही खरे तर लिहिणार नव्हतो. आठ फक्त सोबत म्हणून आल्या होत्या. निघता निघता सहज बोलून गेल्या की दोन दिवस अंधारात डोळ्याच्या कडेला कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाल्यासारखे होते आणि काळे ठिपके तरंगतात, महिनाअखेरीमुळे कॉम्प्युटर फार झालाय. घरी आम्ही त्यावर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवत होतो. ऑप्टिशियनबाईंचा चेहराच बदलला. त्यांनी आमचे बिल बाजूला ठेवून इस्पितळाच्या डोळ्यांच्या तातडीच्या विभागात फोन केला आणि आम्हाला तिथूनच रवाना केले. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या अस्तराला, बारीक चीर पडली होती. लेसरने तिच्याभोवती डाग देऊन ती त्याच दिवशी सांधली. काही मिनिटांचे काम, तासाभराने बाहेर येऊन चहा प्यायलो. चिरेतून पाणी आत शिरून अस्तर सुटले असते तर मोठी शस्त्रक्रिया, आणि दृष्टी पूर्ववत होईल याची खात्री नाही.

यात कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांबट असतो, त्यात अस्तर ताणून पातळ झालेले असते, म्हणून आपल्याला हा धोका इतरांहून जास्त. पण प्रत्येक तक्रारीवर "कॉम्प्युटरने होतंय" हे उत्तर घरात तयार होते, त्यामुळे आम्ही दोन दिवस घालवले. एकाएकी फ्लॅश दिसणे, ठिपक्यांचा सडा पडणे, कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी ऑप्टिशियनकडे किंवा इस्पितळात जायचे. रात्र असेल तर १११ ला फोन करायचा. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळतेय म्हणून थांबायचे नाही. तो शनिवार नसता तर आम्ही थांबलोच असतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. स्क्रीनकडे पाहताना आपली पापणी नेहमीच्या निम्म्यानेही लवत नाही, त्यात हिवाळ्यात रेडिएटर चालू, म्हणून डोळे सुकतात. आठांना लेन्स घातल्यावर हा त्रास फार होतो, आणि मायनसवाल्यांना लेन्समधून जवळ पाहायला चष्म्यापेक्षा थोडे जास्तच श्रम पडतात. मुद्दाम डोळे मिटून उघडायचे आणि स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडा खाली ठेवायचा. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहावे म्हणतात. आमच्या घरात वीस फुटांची खोली नाही, म्हणून आम्ही खिडकीतून शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा पाहतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचे जादा पैसे मात्र आम्ही दिले नाहीत. २०२३ साली कोक्रेन संस्थेने अशा काचांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत डोळ्यांचा शीण कमी झाल्याचे दिसले नाही.

आता पैशांची गोष्ट. या देशात १९९२ चे नियम आहेत, १ जानेवारी १९९३ पासून लागू. रोज तासन् तास स्क्रीनवर काम करणाऱ्या नोकरदाराने मागितली तर डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने, आणि केवळ स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा लागतो असे निघाले तर साधा चष्माही मालकाच्या खर्चाने. घरून काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. नेहमीचा लांबचा चष्मा मात्र आपला आपण घ्यायचा. स्वतःची कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनी स्वतःलाच अर्ज करावा.

साडेचारांना हा नियम तीन वर्षे ठाऊक होता. व्हिसा कंपनीच्या हाती, कशाला उगाच नजरेत यायचे, म्हणून विचारले नाही. पासपोर्ट बदलला तरी ती सवय बदलली नव्हती. शेवटी आठांनीच ती ईमेल टाइप केली, पाठवा म्हणून मागे उभ्या राहिल्या, आणि तासाभरात उत्तर आले. सोबत फॉर्म होता, एका पानाचा.

मुलांच्या नंबराबद्दल तिघांनी विचारले आहे, ते पुढच्या अंकात. हा अंक झेरॉक्सचा आहे, तेव्हा एखादे अक्षर पुसट आले असेल तर आधी शेजारच्या घरातली प्रत पाहा, मग डोळ्यांना दोष द्या. आमचा टेप अजून कॉम्प्युटरजवळच पडलेला आहे, आणि साडेचारांच्या पँटची उसवलेली शिलाई त्यावाचून अडली आहे.

— आम्ही दोघे