वैऱ्याशी करार करावा, पण तपासणीच्या बोलीवर

अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्र मर्यादेचा शेवटचा करार, ‘न्यू स्टार्ट’, ५ फेब्रुवारी २०२६ रोजी मुदत संपून बाद झाला. वापरासाठी सज्ज ठेवलेल्या अण्वस्त्रांवर त्याने प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घातली होती. वैऱ्याच्या सहीला काय किंमत, असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. पण या कराराचा जीव आधीच गेला होता. एकमेकांच्या तळांवर वर्षाला १८ पर्यंत तपासण्या करण्याची त्यात सोय होती. कोविडमुळे त्या मार्च २०२० मध्ये थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने करारच स्थगित केला. याउलट रेगन-गोर्बाचेव्ह यांच्या १९८७ च्या कराराखाली २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली, कारण निरीक्षक ती मोजायला जागेवर हजर होते. वैर तेव्हाही कमी नव्हते, फक्त तपासणी चालू होती. वैऱ्यांमधले करार भरवशावर उभे राहत नाहीत, तपासणी बंद पडली की ते कोसळतात.

अणुचाचणीची तपासणी तर समोरच्याच्या हद्दीत पाऊल न ठेवताही होऊ शकते, आणि तिच्यामागचे शास्त्र धाराशिव जिल्ह्याला परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, सास्तूरसह लोहारा-उमरगा भागातली गावे भूकंपाने ढिगाऱ्याखाली गेली. त्या धक्क्याच्या लहरी जगभरच्या भूकंपमापकांवर उमटल्या. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवर सरकतात, त्यामुळे पहिली हालचाल काही केंद्रांवर वर, तर काही केंद्रांवर खाली नोंदली जाते आणि मागून येणाऱ्या पृष्ठलहरी जोरकस असतात. स्फोट मात्र चहूबाजूंनी बाहेरच ढकलतो. पहिला झटका सगळीकडे वरचा आणि पृष्ठलहरी त्या मानाने दुबळ्या. १९६३ मध्ये हा फरक ओळखण्याची पुरेशी खात्री नव्हती. म्हणून अमेरिका वर्षाला सात जागेवरच्या तपासण्या मागत होती, सोव्हिएत संघ तीनच्या वर जायला तयार नव्हता. परिणामी जमिनीखालच्या चाचण्या त्या वर्षीच्या अणुचाचणीबंदी करारातून सुटल्या. हा तिढा सुटावा म्हणून अमेरिकेने जगभर शंभरावर भूकंपकेंद्रांचे जाळे उभारले, त्यात पुण्याचे केंद्रही होते. कर्नाटकातले गौरीबिदनूर केंद्रही ब्रिटनच्या साहाय्याने १९६५ मध्ये याच हेतूने उभे राहिले. आज ते भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते. बॉम्बवर पहारा ठेवण्यासाठी उभ्या केलेल्या यंत्रांचा भूकंपाच्या अभ्यासालाही मोठा उपयोग झाला.

भारत-पाकिस्तान यांच्यातही टिकलेला करार आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा हा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, पुलवामा झाले. याद्या देण्यात खंड पडला नाही, कारण त्या देण्यात दोघांचाही स्वार्थ आहे. २१ फेब्रुवारी १९९९ च्या लाहोर सामंजस्य करारात चाचण्या थांबवण्याची ग्वाहीही आहे, पण ती ज्याची त्याने दिलेली, आणि तपासणीची तरतूद तिच्यात नाही. या ग्वाहीचे परस्पर करारात रूपांतर करून भूकंपकेंद्रांच्या नोंदींची नियमित देवाणघेवाण तिला जोडावी, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप तांत्रिक आहे. १३ मे १९९८ च्या पोखरणमधल्या दोन छोट्या चाचण्या परदेशी केंद्रांना टिपताच आल्या नव्हत्या, मग लबाडी पकडणार कशी? मुद्दा खरा आहे. पण ती केंद्रे दूरची होती. शेजाऱ्यानेच जवळच्या केंद्राची नोंद दिली तर पकड घट्ट होते, आणि उरलेल्या फटीतून निसटणाऱ्या किरकोळ चाचणीवर नवा मोठा बॉम्ब बेतता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याला चीनकडेही पाहायचे आहे आणि शास्त्रज्ञ के. संथानम यांनी २००९ मध्ये आपल्या हायड्रोजन बॉम्बच्या यशाबद्दल शंका घेतली होती. अणुऊर्जा आयोगाने ती फेटाळली, तरी उद्या चाचणीची गरज भासलीच तर काय? त्याचे उत्तर लाहोरच्या मजकुरातच आहे. असाधारण घटनांनी सर्वोच्च राष्ट्रहित धोक्यात आले तर त्या ग्वाहीतून बाहेर पडता येते. तेच कलम नव्या करारातही ठेवावे. चीनने चाचणी केली तर आपले हात बांधलेले राहणार नाहीत.

अशा कराराने एकही बॉम्ब कमी होणार नाही, हे मान्य. पण १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास असलेली अण्वस्त्रे आज बारा हजारांवर आली आहेत, आणि या घटीत तपासणीच्या करारांचा वाटा मोठा आहे. मोजणीची घडी आधी बसते, कपात नंतर होते. आपण १९९८ पासून चाचणी केलेली नाही. जे आपण तसेही पाळतो आहोत, त्याच्या बदल्यात शेजाऱ्याच्या जमिनीखाली काय चालले आहे हे पाहण्याचा हक्क मिळत असेल, तर दिल्लीने हा प्रस्ताव स्वतःहून मांडावा.